उपरण्याखालचा हात

अण्णांचा उजवा हात मी आजही अंधारात ओळखेन. तळव्यावर कासऱ्याने पडलेला आडवा घट्टा, शिंगाचा फटका बसून किंचित वाकलेलं तर्जनीचं पेर, आणि कितीही धुतला तरी न जाणारा खोबरेल, गेरू आणि ओल्या कडब्याचा मिश्र वास. माझे वडील बैलांचे हेडी होते. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात ते खिल्लारं घेत, विकत, आणि दुसऱ्यांचे सौदे जुळवूनही देत. जिभेने ते फार थोडं बोलत. जेवताना ‘मीठ’ एवढा एक शब्द, आईच्या प्रश्नाला ‘बघू’ एवढा एक शब्द. त्यापलीकडे ते घरात फारसं बोललेले मला आठवत नाही. बोलायचा तो त्यांचा हात, आणि तोही उपरण्याखाली.

बाजारात किंमत ऐकायला टपलेले कान पुष्कळ असतात, म्हणून आमच्याकडे बैलाचा भाव तोंडाने सांगत नसत. घेणारा आणि देणारा शेजारी शेजारी बसत, दोघांच्या उजव्या हातांवर उपरणं टाकलं जाई, आणि त्या पांढऱ्या कापडाखाली बोटं बोटांशी बोलू लागत. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. हे आकडे शेकड्यातले की हजारातले, ते जनावराकडे पाहूनच दोघांना उमगलेलं असे. तळव्यावरून नख मागे ओढलं की नकार. मनगट धरलं की होकार. आणि एकही बोट न वाकवता नुसता उघडा तळवा पुढे केला, तर त्याचा अर्थ, आता तू बोल. वर दोघांचे चेहरे मात्र असे कोरडे, की जणू पीकपाण्याच्या गप्पा चालल्या आहेत. या साऱ्याला नियम एकच होता आणि तो कडक होता. कापडाखालचा आकडा कुणी तोंडाने उच्चारायचा नाही. उच्चारला की सौदा फाटला. मग तो बैल त्या गिऱ्हाइकाला पुन्हा दाखवायचा नाही. ‘उपरन्याखालचा भाव बैलाला सुदिक कळू द्यायचा न्हाई,’ असं अण्णा म्हणत. आयुष्यात त्यांना एवढा एकच विनोद येत असे आणि तो ते न हसता सांगत.

मुलींनी बाजारात पाऊल टाकायचं नसे. मी बाजार ऐकला तो घराच्या भिंतीमागून: खुरांचा आधी तुरळक आणि मग सलग होत जाणारा नाद, घुंगरमाळा, टेम्पोची फळी दगडावर आदळल्याचा आवाज, गोडीशेव विकणाऱ्याची खर्जातली लांबलचक हाक. पण ती बोटांची भाषा मला घरात मिळाली. थंडीच्या दिवसांत आई चुलीवर हुलग्याची शेंगोळी रटरटत ठेवी, लसणाचा आणि मिरचीचा वास छपराला जाऊन चिकटे, आणि अण्णा जाळाकडे बघत माझ्या हातावर उपरणं टाकत. मग खेळ सुरू होई. ते बोट धरत, मी आकडा ओळखे, आणि ओळखलेला आकडा माझ्या बोटांनीच त्यांना परत देई. एक शब्दही न बोलता आम्ही दोघं असे कितीतरी वेळ बोलत बसत असू. पुढे मी जन्मभर मुलींना कवितेचे छंद शिकवले, मात्रा मोजायला शिकवल्या, ओळीत जिथे शब्द थांबतो तिथे अर्थ कसा श्वास घेतो ते सांगितलं. वर्गात कुणी विचारलं की हे तुम्ही कुठे शिकलात, तर मी विद्यापीठाचं नाव सांगते. खरं उत्तर चुलीसमोरचं ते उपरणं आहे.

शाळेची शेवटची परीक्षा मी पास झाले, तेव्हा आमच्या गल्लीतली तेवढी शिकलेली पहिली मुलगी मीच होते. पुढचं शिक्षण म्हणजे नगर. तिथे कॉलेज होतं, मुलींचं वसतिगृह होतं. मला जायचं होतं, आणि ते मी लपवलं नाही. निकालाच्या दिवशीच मी अण्णांना विचारलं. ते म्हणाले, ‘बघू.’ त्या ‘बघू’वर उन्हाळा सरत आला. मी दर काही दिवसांनी विचारत राहिले आणि तोच शब्द, मीठ मागावं तितक्या सहज, माझ्यासमोर येऊन पडत राहिला. मग एके दिवशी देवळालीच्या तात्यांचा निरोप आला.

तात्या देवळाली प्रवऱ्याचे बागाईतदार. कारखान्याला ऊस वाहणाऱ्या त्यांच्या गाड्यांना बैल अण्णांनीच पुरवलेले; दोघांची उठबस बाजारातली, म्हणजे आमच्याकडे नात्याहून जवळची. निरोप असा होता की आमची जीप आहे, सगळे मिळून नगर बघून येऊ, पोरीनं किल्ला बघितला नसेल, चांदबीबीचा महाल बघितला नसेल. अण्णा ‘बरं’ म्हणाले. आईने पहाटे उठून दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, आणि माझी वेणी इतकी घट्ट घातली की कपाळाची कातडी ताणली गेली. ‘कुनी काय इचारलं तर खाली बघून बोल,’ ती म्हणाली. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. किल्ला बघायला निघालेल्या माणसाने खाली कशाला बघायचं?

आई आली नाही. म्हशीचं निमित्त होतं. तिच्याऐवजी सोनईची आत्या येणार होती. अण्णांची ही थोरली बहीण विधवा झाल्यापासून स्वतःची शेती स्वतः बघे, बांधावर चपला घालून हिंडे आणि मनात आलेलं जिभेवर अडवून ठेवत नसे. तात्यांचा मुलगा दत्तू जीप चालवत होता. मानेपर्यंत काटेकोर कापलेले केस, अंगाला नव्या शर्टाच्या खळीचा वास; त्याने आरशातून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग सगळा वेळ रस्त्याकडेच पाहिलं. सोनईच्या पेठेत आत्या पिशवी सांभाळत गाडीत चढली, तात्यांना रामराम केला आणि थोडा वेळ गेल्यावर बाहेर बघत म्हणाली, ‘का वं तात्या, नगर तिकडं ऱ्हायलं आन् गाडी राहुरीच्या अंगाला चाललीया. किल्ला हलवला का काय सरकारनं?’

‘घरच्यांना घ्यायचं हाय,’ तात्या म्हणाले. ‘च्या घिऊ, मग जाऊ.’

‘आस्सं,’ आत्या म्हणाली, आणि माझ्या मांडीवर तिने अशी थाप मारली की मला सगळं कळलं.

देवळालीचा पहिला स्पर्श ओला होता. आमच्या घोडेगावचं ऊन कोरडं, भाजकं. इथे पाटाच्या पाण्याचा गारवा पायांना लागत होता, उसाची पाती एकमेकांवर घासून सतत काहीतरी कुजबुजत होती आणि कारखान्याकडून मळीचा आंबूस-गोड वास लाटेसारखा येत होता. ओसरीवर चहा झाला. काकवीत बुडवलेली भाकरी झाली. ती चव अजून जिभेवर आहे, आणि ती चांगली होती हे कबूल केल्याने माझी बाजू कमकुवत होत नाही. तात्यांच्या बायको, म्हणजे काकू, धिप्पाड आणि हसतमुख होत्या. त्यांनी उसाचं एक लांब कांडं माझ्या हातात दिलं.

‘खा गं पोरी. आमच्या मळ्यातला हाय. सोल दातानं.’

मी कांडं तोंडाजवळ नेलं आणि थांबले. काकू माझ्या चेहऱ्याकडे पाहत नव्हत्या. माझ्या ओठांकडे पाहत होत्या. अंगठ्याने बैलाचा ओठ वर करून अण्णा ज्या नजरेने पाहत, ती नजर मी जन्मापासून ओळखत होते. मी ऊस खाली ठेवला.

‘कोयत्यानं तुकडं करून द्या काकू.’

‘का गं? दात दुखत्यात का?’

‘दात चांगले हायेत. बघायचे असतील तर तसं सांगा, आ करते.’

मग आत्या पदरात तोंड घालून म्हणाली, ‘काळजी नगं वैनी. चारदाती हाय, अजून कोवळी हाय.’ बैलबाजारातला तो शब्द ऐकून दत्तूला ठसका लागला. अण्णा भिंतीकडे बघत राहिले. तात्या मात्र मोठ्याने हसले. त्यांना वाटलं, हाही सौद्यातला एक डाव आहे. चांगला बैल पहिल्यांदा शिंग उगारतोच.

विळदचा घाट ओलांडला आणि नगर आलं. त्याआधी हे शहर मी एकदाच पाहिलं होतं, तेही दवाखान्याच्या खिडकीतून. आता ते चारी बाजूंनी अंगावर आलं. माळीवाड्याच्या वेशीतून टांगे, सायकली आणि हमाल एकाच वेळी घुसू पाहत होते. कापडबाजारात नव्या ताग्यांचा कोरा, किंचित तिखट वास दुकानांच्या पायऱ्या उतरून रस्त्यावर आला होता. भिंगारकडून लष्कराच्या रणगाड्यांची घरघर पायाखालच्या जमिनीतून आधी आणि कानांतून मागाहून येत होती. काकूंनी एका कासाराच्या दुकानासमोर माझं मनगट धरलं, अंगठा आणि मधलं बोट जुळवून त्याचं माप घेतलं आणि काही न बोलता सोडून दिलं. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने आम्ही तो बाहेरूनच पाहिला. त्या गोल, काळ्या तटाला कोपरा असा कुठेच नाही. खंदकाच्या काठाशी अण्णा पुष्कळ वेळ उभे राहिले आणि म्हणाले, ‘हितं किती जनावरं पानी प्याली आसतील.’ राजे, वेढे, तोफा यांतलं काही त्यांना दिसलं नाही. तहानेलं जनावर दिसलं. माझा त्यांच्यावर राग धुमसत होता, तरी त्या वाक्याने मला त्यांच्याबद्दल मायाही वाटली होती, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

किल्ल्याकडून निघताना मी दत्तूला विचारलं, ‘कॉलेज वाटेत लागतं का?’

‘न्हाई,’ तो म्हणाला. मग थोडं पुढे गेल्यावर, तात्या ऐकतील इतक्या मोठ्याने, ‘गाडी तापलीया. पानी घालावं लागंल.’ त्याने जीप वळवली ती नेमकी एका दगडी कमानीसमोर थांबवली. सुट्टी होती. आत लिंबाच्या झाडांची सावली आणि सावलीत पडलेल्या पिकल्या लिंबोळ्यांचा कडूगोड वास. तो बॉनेट उघडून वाकला तोवर मी कुणालाही न विचारता खाली उतरले आणि आत गेले. एका वर्गाचं दार उघडं होतं. लाकडी बाकांवर टोकदार कशानेतरी नावं कोरलेली होती. मी वाकून वाचली, सगळी मुलांची. फळ्याखालच्या पट्टीवर खडूचा तुकडा होता. मी तो उचलला आणि फळ्यावर लिहिलं, शालन. पुढे वडिलांचं नाव नाही, आडनाव नाही. ते पुसून टाकायला मी तिथे थांबले नाही. जीपमध्ये बसताना काकूंनी माझ्या बोटांवरचा पांढरा खडू पाहिला, आणि मी तो झटकला नाही.

चांदबीबीचा महाल शहराबाहेर, डोंगरावर आहे. खरं म्हणजे तो महाल नाही आणि चांदबीबीचाही नाही. निजामशाहीतल्या एका मंत्र्याची ती कबर आहे, त्याने ती स्वतःसाठी बांधून घेतली. हे मला पुढे इतिहासाच्या एका विद्वान गृहस्थांनी जरा दयेच्या सुरात सांगितलं होतं. मी त्यांना म्हटलं, बांधणाऱ्याने कितीही दगड रचले तरी ते कुणाचे हे शेवटी लोकांनी ठरवलं, आणि लोकांनी ते तलवार घेऊन तटावर उभ्या राहिलेल्या बाईला देऊन टाकलं. ही चूक दुरुस्त करायला मी कुणालाही मदत करणार नाही. आता तर जिल्ह्याच्या पाटीवरही एका बाईचं नाव लागलं आहे. सवयीने माझी जीभ अजून नगरच म्हणते, पण एस.टी.वर ‘अहिल्यानगर’ वाचताना मान आपोआप थोडी वर होते.

त्या दिवशी डोंगरावर वारा असा होता की लुगडी, उपरणी, झाडांच्या फांद्या, सगळं एकाच दिशेला वाहत होतं. सावलीत बसून दशम्या खाल्ल्या. काकूंनी कांदा फोडला. मग मी एकटीच वर गेले. भिंतीतून चढणारा तो जिना काळोखाचा आहे. दगड थंड, घामेजलेला, पाकोळ्यांच्या वासाचा. हात भिंतीला लावून, पायरी चाचपत चढायचं आणि अचानक कमानीतून सगळा प्रकाश तोंडावर घ्यायचा. खाली नगर पसरलं होतं. गोल किल्ला, मशिदींचे घुमट, देवळांचे कळस, चर्चचा मनोरा, आणि शहरातून फुटून माळांवर विरत जाणारे रस्ते. त्यातला एक घोडेगावला जात होता. मी तो बोटाने हवेत गिरवला. या रस्त्याने आपण इथे येणार, हे त्या वाऱ्यात मला इतकं स्पष्ट झालं की ती इच्छा उरली नाही. ती बातमी झाली.

खाली उतरले तेव्हा चौथऱ्यावर अण्णा आणि तात्या शेजारी शेजारी बसले होते. दोघंही शहराकडे बघत होते. आणि दोघांच्या उजव्या हातांवर अण्णांचं उपरणं होतं.

आसपास एकही बैल नव्हता. मी आत्याजवळ गेले. ती प्रथमच माझ्या नजरेला नजर देत नव्हती.

‘काय चाललंय आत्या?’

‘वर्सं ठरवत्यात,’ ती हळू आवाजात म्हणाली. ‘लगीन तर ठरल्यागतच हाय. तुला किती वर्सं शिकू द्यायचं, ते चाललंय.’

मी अण्णांच्या कोपराकडे पाहिलं. ते बोट धरतात तेव्हा कोपर किती हलतं, दोन बोटांना खांदा कसा किंचित पुढे येतो, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. अण्णा दोन म्हणत होते. तात्यांच्या दंडाला हिसका बसत होता तो नकाराच्या नखाचा. मग तात्यांचं कोपर अंगाशी आलं. एक. अण्णांचा खांदा पुन्हा पुढे आला, पण या खेपेला जरा संथ. थकलेल्या विकणाऱ्याचा खांदा. वर दोघांचे चेहरे पीकपाण्याच्या गप्पांचे होते. माझं सारं पुढचं आयुष्य त्या हातभर कापडाखाली होतं आणि दोन बोटांवरून एका बोटावर घसरायच्या बेतात होतं.

माझा राग वर्षांच्या संख्येवर नव्हता. हे मी आजही ठासून सांगते, कारण ऐकणाऱ्यांना ते पटत नाही. तात्यांनी पाच दिली असती तरी मी तेच केलं असतं. मी चौथऱ्यावर चढले, दोघांसमोर गुडघे टेकून बसले आणि उपरण्याखाली हात घातला.

दोन्ही हात गोठले. तात्यांचा हात मऊ, घामट, अंगठीचा. अण्णांचा तो ओळखीचा घट्टा, ते वाकडं पेर. अण्णांनी माझा हात न बघताच ओळखला. चुलीसमोर त्यांनीच तो घडवला होता. मी त्यांचं बोट धरलं नाही, तात्यांचंही नाही. दोघांच्या मधोमध माझा हात नुसता ठेवला, सगळा.

तात्या हसायला लागले. ‘आरं, पोरीला बी हेडी करायचं का काय अण्णा?’

‘एक,’ मी मोठ्याने म्हटलं. ‘तात्या एक म्हणत्यात. अण्णा दोन म्हणत हुते, आता एकावर येनार हुते.’

वाऱ्यातही ते सगळ्यांना ऐकू गेलं. काकूंच्या हातातली दशमी तशीच राहिली. आत्या उठून उभी राहिली. तात्यांचं हसू ओठांवरच वाळलं. बाजारात उभं आयुष्य काढलेल्या माणसांना जे कधी कुणी ऐकवलं नव्हतं, ते त्यांनी एका मुलीच्या तोंडून ऐकलं होतं.

‘आकडा बोललीस?’ अण्णा म्हणाले. आवाज अगदी खाली होता. ‘उपरन्याखालचा आकडा?’

‘बोलले. तुमीच म्हनता ना अण्णा, बैलाला सुदिक कळू द्यायचं न्हाई. बैलाला कळत न्हाई. मला कळतं. तुमीच शिकवलंय.’

तात्या ताडकन उठले. ‘ही काय रीत झाली? पोरासोराचं काय धरायचं? बसा अण्णा, टाका उपरनं.’

सगळे अण्णांकडे बघत होते. मीही. मी डोळे खाली घातले नाहीत. आईचा तेवढा एक उपदेश मी त्या दिवशी पुरता मोडला. अण्णांच्या मनात काय चाललं होतं ते मला तेव्हा कळलं नाही आणि आज कळल्याचा आव मी आणणार नाही. मुलीचं दुःख त्यांना दिसलं, की नुसता बाजाराचा नियम दिसला? त्यांनी उपरणं उचललं, दोन टोकं धरून झटकलं आणि खांद्यावर टाकलं.

‘आकडा फुटला तात्या,’ ते म्हणाले. ‘सौदा फाटला. नियम तुमाला बी ठावं हाय.’

‘नियम बैलाचा हाय!’

‘मग उपरनं बैलावरच टाकाया पायजे हुतं,’ अण्णा म्हणाले. ‘माझी बी चुकी झाली.’

काकू सामान गोळा करत पुटपुटल्या, ‘आसली पोरगी आमाला नगंच बाई.’

‘तुमी बी तिला नगं, हे तिनं उसाच्या येळंलाच सांगितलं की,’ आत्या म्हणाली.

तात्यांनी आम्हाला माळीवाड्याच्या स्टँडवर सोडलं, घरापर्यंत नाही. दत्तू पिशवी देण्यासाठी खाली उतरला. पिशवी माझ्या हातात देताना तो इतकंच म्हणाला, ‘मला बी कुनी इचारलं नव्हतं.’ मग जीप निघून गेली. मला त्याच्याबद्दल एवढीच माहिती आहे, आणि त्याच्याबद्दल माझ्या मनात काहीही कडू नाही.

रात्री आईने शेंगोळी वाढली. आमच्याबरोबर घरी आलेल्या आत्याने सांगायचं ते सांगितलंच होतं, तरी आईने मला पुन्हा विचारलं, ‘म्हंजी तू उपरन्यात हात घातलास?’

‘व्हय.’

तिने पळी पुन्हा भांड्यात बुडवली. ‘माझ्या येळंला बी असंच बसले हुते दोघं,’ ती म्हणाली. ‘आमच्या वट्यावर. मी दारामागनं बघत हुते.’ मग माझ्या ताटात आणखी शेंगोळी घालत म्हणाली, ‘मला सुचलंच न्हाई गं.’

पुढे कित्येक आठवडे अण्णा माझ्याशी बोलले नाहीत. तसे ते एरवीही बोलत नसत, पण आता ‘मीठ’सुद्धा ते आईकडेच मागत. बाजारात त्यांची थट्टा झाली. ‘हेड्याची पोर सौदं फाडती, बैल संभाळा,’ असं कुणीतरी आमच्या दारावरून जाताना मुद्दाम मोठ्याने म्हटलं, आणि मी दारात जाऊन उभी राहिले, कोण ते मला बघायचं होतं. तो मान खाली घालून गेला. लोक मला विचारतात, तेव्हा वडिलांपुढे वाकावं, त्यांची क्षमा मागावी, असं वाटलं नाही का? नाही वाटलं. आजही वाटत नाही. त्यांनी मला एक भाषा दिली होती. ती भाषा माझ्याविरुद्ध बोलली जात असताना ती मला येत नाही असं भासवणं, हे मात्र मला शरमेचं वाटलं असतं.

मग एका सकाळी अंगणात टेम्पो उभा राहिला. मागे कांद्याच्या गोण्या होत्या, आणि गोण्यांवर माझी पत्र्याची पेटी दोरीने बांधलेली. कुणी काही सांगितलं नव्हतं. आईने माझी वेणी घातली, या खेपेला सैल. मी पुढे अण्णा आणि ड्रायव्हरच्या मधे बसले, आणि डोंगरावरून बोटाने गिरवलेल्या त्या रस्त्याने कांद्याच्या उग्र वासात नगरला आले. वसतिगृहाच्या फाटकाशी अण्णांनी पेटी उतरवली. रिक्षावाले उभे होते, एक भेळवाला होता, फाटकाच्या आत काही मुली रेलून बघत होत्या. अण्णांनी खांद्यावरचं उपरणं काढलं. माझ्या हातावर टाकलं. त्याखाली त्यांचा हात आला आणि माझ्या हातापुढे थांबला, उघडा, एकही बोट न वाकवता.

आता तू बोल.

किती वर्षं, ते त्यांना माझ्याकडून हवं होतं. त्यांच्या परीने ते सर्वस्व देत होते, हे मला कळलं. तरीही मी उपरणं बाजूला केलं, त्याची नीट घडी घातली आणि त्यांच्या खांद्यावर ठेवली. भर रस्त्यात, दिवसाउजेडी, आमचे दोघांचे हात उघडे होते.

‘झाकून नको अण्णा,’ मी म्हटलं. ‘माझं काय ते तोंडानं बोला.’

ते वळले, टेम्पोत जाऊन बसले. टेम्पो सुरू झाला, धूर सोडत निघाला, आणि कोपऱ्यावर पोचला तेव्हा त्यांनी खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर झुकून, साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात, जो आवाज त्यांना आहे हे मला त्या क्षणापर्यंत माहीतच नव्हतं, हाक मारली:

‘शालन! शिक गं! लई शिक!’

रिक्षावाल्यांनी माना वळवून पाहिलं. फाटकातल्या मुलींनी पाहिलं. बघू देत, मी मनात म्हटलं, आणि पेटी उचलली.